हुनराचा भाव कोण ठरवणार?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्यांनी बेसबॉलवर काय लिहावे, असे वाचक बंधूंना वाटेल. हा खेळ आमच्या मोहल्ल्यात कोणी खेळत नाही. पण त्याचा हिशेब आपल्या धंद्याच्या फार जवळचा आहे, म्हणून लिहीत आहोत.

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना जमवून एक खेळ काढला. प्रत्येकाने ठराविक रकमेत खऱ्या खेळाडूंची नावे बोली लावून घ्यायची. मग त्या खेळाडूंनी हंगामात जी खरी कामगिरी केली, ती आपल्या वहीत जमा. मंडळी ज्या हॉटेलात जेवत, त्यावरून नाव पडले 'रोटिसरी'. आजचे फँटसी खेळ त्याच वाटेने आले. आपल्या देशात क्रिकेटवर पैसे लावून असे खेळणे २०२५ च्या कायद्याने बंद झाले, ते बरेच झाले.

आमचे लक्ष मात्र त्या बोलीवर आहे. चांगला खेळाडू एक आणि गिऱ्हाईक दहा, म्हणजे भाव चढणारच. खऱ्या मालकांनी सुमारे शंभर वर्षे नेमके हेच होऊ दिले नव्हते. १८७९ पासून त्यांनी आपसात ठरवून टाकले की करार संपला तरी खेळाडू जुन्याच मालकाचा. मालकाने दुसरीकडे विकला तर मुकाट जायचे. स्वतःहून जायचे नाही.

आपल्याकडे उचल घेतलेला मागावरचा कारीगर असाच बांधलेला असतो. फरक इतकाच की त्याच्या नावावर निदान कर्ज तरी असते. खेळाडूंच्या अंगावर काहीच नव्हते.

या बंधनाविरुद्ध सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड उभा राहिला. मैदानाच्या मधल्या भागात झेल घेण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात मात्र डेट्रॉइटच्या नॉर्थरपचा एक चेंडू त्याला जोखता आला नाही. चेंडू डोक्यावरून गेला, दोन धावा निघाल्या आणि कार्डिनल्स हरले. हजार ठाण विणावेत आणि लोकांनी एक तुटलेला धागा लक्षात ठेवावा, तसे झाले.

१९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जायला नकार दिला आणि कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर घेणाऱ्याला कसली तक्रार, असे लोक म्हणत. मजुरी जास्त असली म्हणजे माणूस मोकळा असतो, हा हिशेब आम्हाला कधी पटला नाही. साक्षीला निवृत्त जॅकी रॉबिन्सन आला, पण खेळत असलेला एकही खेळाडू फिरकला नाही. रोजीची भीती सगळीकडे सारखीच. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात फ्लड हरला.

पुढे १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला आणि गाठ सुटली. त्या वर्षी सरासरी पगार ४५ हजार डॉलरच्या आसपास होता. १९८० मध्ये तो १ लाख ४० हजारांच्या वर गेला.

कारखानदार बंधू म्हणतील, उचल दिल्याशिवाय माणूस टिकत नाही, आणि दिली तरी रातोरात पळतो, पैसे बुडतात. बुडतात खरे. आमचेही बुडाले आहेत. पण अमेरिकेतले मालकही हेच रडत होते की खेळाडू मोकळे सोडले तर धंदा बसेल. धंदा बसला नाही, उलट वाढला. आम्हाला वाटते, उचलीचा हिशेब मजुरीपासून वेगळा ठेवावा, त्याचा कागद कारीगराच्याही हातात असावा, आणि शेजारचा जास्त देत असेल तर बाकी फेडून त्याला जाऊ द्यावे. पटत नसेल त्यांनी जरूर लिहावे.

फ्लडने १९७१ मध्येच खेळ सोडला होता. वाढलेले पगार त्याने दुसऱ्यांच्या घरी जाताना पाहिले. १९९७ च्या जानेवारीत तो वारला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने खेळाडूंच्या हक्काचा एक कायदा केला आणि त्याला कर्ट फ्लडचे नाव दिले.