अजिंठा चौफुलीवरून डावीकडे

प्रति,
मा. विभाग नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ,
जळगाव विभाग



जळगावचं विमानतळ अजिंठा रोडवर, कुसुंब्याला. आमचं फैजपूर तापीच्या पलीकडे. मधलं अंतर सडकेने पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. पुण्याहून किंवा मुंबईहून निघालेलं विमान तासा-सव्वा तासात कुसुंब्याला टेकतं आणि तिथून फैजपूरला यायला कधीकधी त्याहून दुप्पट वेळ लागतो. विमानाशी आमचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. विमानाशी नसेल, पण या पंचेचाळीस किलोमीटरशी तुमचा संबंध आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

फैजपूरचं नाव निघालं की 1936 चं काँग्रेस अधिवेशन, नेहरू, गांधीजी आणि नंदलाल बोसांनी सजवलेलं नगर हे सगळं ओघाने येतं. ते या पत्रात आणत नाही. आजच्या फैजपूरचं बोलू. इथली पोरं पुण्यात नोकरीला आहेत, हैदराबादला आहेत. आईबाप इथे केळीत. कुणाचं बरंवाईट झालं की पोरगा विमानाचं तिकीट काढतो ते हौसेने नाही, मातीला वेळेत पोहोचावं म्हणून. त्याला कुसुंब्याला उतरल्यावर कोणते रस्ते मोकळे असतात, ते सांगतो.

पहिला म्हणजे गाडी सांगणं. फैजपूरहून किंवा भुसावळहून गाडी रिकामी जाते, भरून येते आणि भाडं दोन्हीकडचं लागतं. ज्याला परवडतं त्याने ते द्यावं, त्याच्यासाठी हे पत्र नाही.

दुसरा, रिक्षाने जळगावचं नवीन बसस्थानक गाठणं आणि तिथून रावेरकडे जाणारी बस धरणं. हा प्रवास मोठा मजेचा. फैजपूर पूर्वेला आणि माणूस आधी पश्चिमेला जातो. बस पकडतो, आणि तीच बस त्याला इच्छादेवी चौकावरून पुन्हा अजिंठा चौफुलीवर आणून सोडते, जिथून तो अर्ध्या तासापूर्वी रिक्षात बसून गेलेला असतो.

तिसरा रेल्वेचा. जळगाव ते भुसावळ गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते, गाड्याही भरपूर. पण जनरलच्या डब्यात चाकाची बॅग घेऊन शिरून बघा. शिवाय भुसावळ म्हणजे फैजपूर नव्हे. सावद्याला स्टेशन आहे, आमच्यापासून जवळच. तिथून केळी वॅगनमध्ये भरून थेट दिल्लीला जाते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या मात्र तिथे माणसासाठी थांबत नाहीत. त्यामुळे भुसावळला उतरायचं आणि पुन्हा बस किंवा काळी-पिवळी शोधायची. काळी-पिवळीचा हिशेब सोपा असतो. तुम्ही आलात तेव्हा ‘दोनच सीट बाकी’ असतात आणि अर्ध्या तासाने निघतानाही दोनच बाकी असतात.

चौथा रस्ता शहाण्या माणसाचा. विमानतळावरून रिक्षाने फक्त अजिंठा चौफुलीपर्यंत यायचं आणि भुसावळकडे जाणाऱ्या बसला हात करायचा. अंतराच्या दृष्टीने याच्याइतका सरळ मार्ग नाही. आता ती चौफुली डोळ्यांपुढे आणा. महामार्गावर ट्रकची रांग, पाइप लादलेली ट्रॉली, चहाच्या टपरीपुढे आडव्या लावलेल्या मोटारसायकली. त्यात एक बाई उभी, बॅगेच्या मुठीला विमान कंपनीची कागदी पट्टी अजून लटकलेली. बस दिसली की ती बॅग ओढत पंधरा पावलं पळते. बस भरलेली असते, चालक हाताने ‘मागून येतेय’ अशी खूण करतो आणि जातो. मागून येते ती जामनेरची. रिक्षावाला लांबूनच विचारतो, “कुठी चालले ताई? भुसावळ सोडू का, स्पेशल?” तिसऱ्यांदा पळायची वेळ आली की ताई ‘स्पेशल’ला हो म्हणतात.

म्हणून पुण्याचा पोरगा शेवटी काय करतो? ट्रॅव्हल्सने येतो. रात्री पुण्यात बसला की पहाटे फैजपूर, सावदा, रावेर, जिथलं असेल तिथे दारापाशी उतरतो. रात्र जाते, कंबर धरते, पण मधे कुठे बदलायचं नाही. माझ्या मते जळगावच्या विमानाचा खरा स्पर्धक हाच आहे, आणि तो जिंकतो तो शेवटच्या पन्नास किलोमीटरवर.

तुमच्याच खात्यातल्या भावंडांकडे पाहा. जळगावला 2024 मध्ये गोवा आणि हैदराबाद विमानाने जोडले गेले. गोव्याचं टोक म्हणजे मोपा. तिथे सरकारी कदंबाची बस विमानतळावरून पणजीला, म्हापशाला, मडगावला जाते. हैदराबादचं टोक म्हणजे शमशाबाद. तिथे राज्य परिवहनच्याच ‘पुष्पक’ नावाच्या बसगाड्या शहराच्या निरनिराळ्या भागांत सोडतात. ही विमानतळं मोठी, तिथली माणसं जास्त, हे कबूल. तरीही एकाच विमानाच्या तिकडच्या दारात सरकारी बस आणि इकडच्या दारात ‘स्पेशल’ची हाक, हे बरं दिसत नाही.

दिसण्याचं सोडा, यात वचनाचाही भाग आहे. लहान विमानतळं जागी करणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान 2017 मध्ये उडालं. त्याच वर्षी डिसेंबरात जळगाव-मुंबई विमान आलं, बंद पडलं. 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीचं आलं, तेही गेलं. आताची ही तिसरी खेप. या योजनेत विमान कंपनीला जी तूट भरून मिळते, तिच्यातला पाचवा हिस्सा राज्य सरकारचा असतो. आणि राज्यांनी जी जबाबदारी घ्यायची तिच्यात आणखी एक कलम आहे: विमानतळापासून आसपासच्या मुलखात जायला रस्ता, रेल्वे अशी जोडणी गरजेप्रमाणे देणे. विमानातल्या खुर्चीसाठी राज्याची तिजोरी उघडते आणि खाली उतरलेल्या माणसाला त्याच राज्याची एसटी चौफुलीवर पळत जाऊन पकडावी लागते. दोन खात्यांनी एकमेकांना एक फोन केला असता तरी पुरे होतं.

आता तुमची बाजू. एका विमानात सत्तरेक माणसं. त्यांतली किती आमच्या यावल-रावेर भागातली? आठ, दहा, एखाद्या दिवशी दोन. एवढ्यांसाठी वेगळी बस सोडली तर डिझेलचाही खर्च निघणार नाही. विमान रोज असतं असं नाही, मोसम बदलला की वेळ बदलते, आणि उशीर झाला तर चालक-वाहकाने तिथे बसून काय करायचं? मी तुमच्या खुर्चीत असतो तर अशी फाइल मीही परत पाठवली असती.

म्हणूनच विमानासाठी बस मागत नाही. जळगावची एमआयडीसी त्याच अजिंठा रोडच्या बाजूला आहे. चटईचे कारखाने, डाळ मिल, पाइपचे कारखाने. भुसावळ, साकेगाव, नशिराबादकडून तिथे रोज माणसं कामाला जातात. रावेरहून सावदा, फैजपूर, आमोदा, भुसावळ करत येणारी सकाळची एखादी फेरी अजिंठा चौफुलीवरून सरळ स्थानकात न नेता डावीकडे वळवा, एमआयडीसीवरून कुसुंब्याला विमानतळाच्या फाटकाशी संपवा आणि तिथूनच परत फिरवा. तशीच एक संध्याकाळी. कामगार बसच्या खुर्च्या भरतील, विमानाची माणसं वरकड. विमान रद्द झालं तरी फेरी रिकामी धावणार नाही. स्थानकात जाणाऱ्यांना चौफुलीवरून रिक्षा आहेत, आणि मागची बस आहेच.

हे जमेपर्यंत दोन गोष्टी उद्याही होतील. जामनेर, पहूर, संभाजीनगरच्या बसगाड्या कुसुंब्यावरूनच जातात. त्यांना विमानतळाजवळ अधिकृत थांबा द्या. आणि भुसावळकडच्या सगळ्या बसगाड्यांना अजिंठा चौफुलीचा थांबा सक्तीचा करा, वर पत्र्याची का होईना शेड टाका. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्याला तिकीटच नाही. मुलीकडून हैदराबादहून परतणाऱ्या आजीला अख्ख्या प्रवासात फुकट असलेला हा एकच टप्पा, आणि नेमका तोच तिला सापडत नाही.

रावेर आणि यावल ही दोन्ही आगारं तुमचीच. तीन महिने एक फेरी चालवून बघा. वाहकाच्या तिकीट यंत्रात कुसुंब्याची किती तिकिटं फाटली ते महिनाअखेर आपोआप कळेल. कमी भरली तर बंद करा, पुन्हा पत्र लिहिणार नाही. फक्त बसच्या पाटीवर ‘जळगाव’ लिहून थांबू नका. ‘रावेर-विमानतळ, मार्गे फैजपूर, भुसावळ, एमआयडीसी’ असं पूर्ण आणि मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या बसस्थानकावर वेळापत्रक ज्या फळ्यावर खडूने लिहितात, तिथे तेवढी जागा आहे.

आपला,
फैजपूरचा एक प्रवासी