मढ्याचा गुणाकार

आधी हिशेब मांडू. शिव्या नंतर देऊ.

दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याने माणूस चिरडला, तर भरपाई किती? ती त्याच्या दारूवर ठरत नाही. गाडीच्या किमतीवर ठरत नाही. ती ठरते मेलेल्याच्या पगारावर. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा निकालात तक्ता घालून दिला, 2017 च्या प्रणय सेठी निकालात त्यावर भविष्य चढवलं. घ्या पाटी. दोघं मेले. दोघंही 28 वर्षांचे, दोघांच्याही मागे चार-चार खाणारी तोंडं. एक कायम नोकरीतला, महिना लाखाचा. दुसरा रोजंदारीवरचा, महिना दहा हजारांचा. पहिल्याच्या भविष्यापोटी 50 टक्के वाढ, दुसऱ्याच्या 40. मेलेला स्वतःवर खर्चला असता तो चौथा हिस्सा वजा. वयाचा गुणक 17. पहिला : 2 कोटी 29 लाख 50 हजार, त्यातून आयकर जाईल तो जाईल. दुसरा : 21 लाख 42 हजार. जिवंतपणी दहापट फरक होता. मेल्यावर तो वाढला!

वकील म्हणतील, ही जिवाची किंमत नव्हे, घराची बुडालेली कमाई आहे. ठीक. पण कमाई दहा हजारच का होती? झाडू कुणाच्या हातात, गटारात कोण उतरतो, हे कुणी ठरवलं? जातीने पगार ठरवला, कोर्टाने त्याला 17 ने गुणलं. कायद्यात जात कुठंच लिहिलेली नाही. लिहायची गरजच काय? आकडा पुरतो.

आमच्या वस्तीतल्या एका मावशीबरोबर मी ट्रायब्युनलच्या बाकावर बसलोय. पोरगा ठेक्यावरचा झाडूवाला. पहाटे रस्ता झाडताना गाडीने उडवला. विमा कंपनीचा वकील म्हणाला, पगाराची स्लिप दाखवा. मावशी म्हणाली, "कसली स्लिप साहेब, ठेकेदार अंगठा घेतो अन् हातावर टेकवतो." मग काय, अंदाजपंचे. ठेकेदाराने जिवंतपणी चोरलेला पगार मेल्यावरही चोरलेलाच राहिला. आणि गाडीवाला? त्याचं रक्त घेतलं दुसऱ्या दिवशी. रिपोर्टात दारूचा वासही नाही.

कायदा म्हणतो, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. तोच कायदा म्हणतो, अटकेनंतर दोन तासांत तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडा. पैसेवाल्याला फक्त वेळ काढायचा असतो. वरळीत 7 जुलै 2024 ला ससून डॉकहून मासळी घेऊन येणारी कोळीण गाडीखाली फरफटत गेली. आरोपी सापडला 9 तारखेला. दोन दिवसांनी रक्तात काय शिल्लक राहणार? पुण्यात 19 मे 2024 ला दोन तरुण इंजिनिअर गेले. अल्पवयीन पोराला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि त्याचं रक्त बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टर पकडले गेले. गरिबाचं रक्त सांडतं, यांचं बदलतं.

बांद्र्याचा कार्टर रोड आठवा. 12 नोव्हेंबर 2006. रस्ता दुरुस्त करणारे मजूर फुटपाथवर झोपलेले. 7 मेले, 8 जखमी. गाडीवाल्याच्या रक्तात दारू 0.112 टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सेशन्स कोर्टाने दिले सहा महिने. हायकोर्टाने तीन वर्षं केली, ती सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये कायम ठेवली. वर आम्हालाच विचारतात, फुटपाथवर झोपता कशाला? अरे, ठेकेदाराने शेडच फुटपाथवर टाकून दिली होती!

मी काही दारूबंदीचा कीर्तनकार नाही. कोण काय पितो ते त्याचं त्याने बघावं. माझं भांडण आहे भावाशी. बाबासाहेबांनी एक माणूस एक मूल्य म्हटलं ते काय फक्त मतपेटीपुरतं?

सरसकट रक्कम कायद्यात आहे, नाही असं नाही. 2022 पासून मृत्यूला 5 लाख, कुणाची चूक सिद्ध न करता. पण ती घेतली की ट्रायब्युनलातला दावा खलास. भुकेल्या घरासमोर ताट ठेवायचं आणि म्हणायचं, खाल्लंस तर तोंड बंद. आमची मागणी साधी आहे. ही रक्कम वाढवा, पगार न विचारता सगळ्यांना द्या, आणि तिच्यापायी दावा मारू नका.

तोवर गप्प बसायचं नाही. वस्तीत असं मढं आलं की पोरांनी त्याच दिवशी ठाण्यात बसायचं. रक्त कधी घेतलं, किती वाजता, हे वहीत लिहायचं. ठेकेदाराकडून हजेरीची नक्कल काढायची. अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकायचा. त्या मुदतीविरुद्ध सुप्रीम कोर्टात लढाई गेलीय, पण आपण तिच्या भरवशावर राहायचं नाही. गावाकडची माणसं राहत्या जिल्ह्यातही दावा लावू शकतात, हे त्यांना सांगायचं. आणि फौजदारीत तो सुटला म्हणून ट्रायब्युनलातून आपोआप सुटत नाही, हेही.

मावशीची पुढची तारीख लागलीय. या वेळी त्या बाकावर आम्ही दोघंच नसू.