नकोसा आकडा



यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘जोखीम’ ठरला आणि अणुभट्ट्या त्यात आल्या, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात बसून ही चिंता कशाला, असं काहींनी विचारलं. तारापूरचं केंद्र, जैतापूरचा नियोजित प्रकल्प, दोन्ही पार समुद्राकाठी. पण २०११ मध्ये रॉजर बिलहॅम आणि विनोद गौर यांनी जैतापूरच्या भूकंपशक्यतेवर ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, तेव्हा दाखले दिले ते कोयनेच्या आणि आपल्या किल्लारीच्या भूकंपांचे. जुनी नोंद नाही म्हणून जमीन निर्धास्त मानू नका, हा त्याचा मथितार्थ.

किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याला सांगायला नको. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेले आणि त्याच भाराखाली माणसं गाडली गेली. आदल्या वर्षी धक्के बसले होते. त्यावरून मोठ्या भूकंपाची तारीख कुणालाच सांगता आली नसती; माळवदाचं वजन मात्र मोजता आलं असतं.

त्याच वर्षी ३१ मार्चला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि केबली जळून केंद्र सुमारे १७ तास अंधारात गेलं. भट्टी बंद झाली तरी आतली उष्णता लगेच ओसरत नाही; आग विझवण्याच्या पंपांचं पाणी वळवून ती काढावी लागली. अशा वेळेसाठीच राखीव यंत्रणा असते. दोन यंत्रणा प्रत्येकी हजारात एकदा बिघडणार असतील, तर दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं गणित मांडतात. ते खरं ठरतं दोन्ही एकमेकींपासून अलग असतील तरच. नरोऱ्यात मुख्य आणि राखीव केबली पुरेशा दूर ठेवलेल्या नव्हत्या.

जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात तर आकडाही हाती होता. २००८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच आकडेमोडीत १५ मीटरहून उंच त्सुनामीची लाट निघाली होती. ती गांभीर्याने घेतली गेली नाही. २०११ मध्ये समुद्र आत शिरला आणि तळघरातली जनित्रं बुडाली.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: धोका मोजणारे हुशार आहेतच, नकोसा आकडा ऐकायला लावणारा कुणी हवा. २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेसा स्वतंत्र कायदेशीर दर्जा नव्हता, आणि कॅगने तेव्हाच त्यावर बोट ठेवलं होतं. आम्ही अणुविजेच्या विरोधात नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख अंगावर घेणाऱ्यांपुढे कोळशाचे गोडवे कोण गाणार? पण जैतापूरची गणितं प्रकल्पस्थळ असलेल्या माडबनच्या ग्रामस्थांसमोर मराठीत मांडावीत, त्यांच्या शंकांना लेखी उत्तरं द्यावीत.

अंकातले लेखक परस्परांशी सहमत नाहीत. तुम्हीही भांडा, पत्रं लिहा. 

— संपादक