१७,२९६ चा मित्र

गेल्या आठवड्यात भाची गृहपाठ घेऊन बसली होती. २२० चे विभाजक काढायचे होते. वैतागून म्हणाली, "खाला, हे काढून करायचं काय?"

मी म्हटलं, "स्वतः २२० सोडून बाकीच्यांची बेरीज कर." १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज आली २८४. "आता २८४ चे काढ." १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०! पोरगी चमकली. "परत तिथेच आलो की!"

अशा जोडीला मित्र संख्या म्हणतात. ही जोडी प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. पण दुसरी शोधायची कशी? नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा यांनी त्याचा नियम सिद्ध केला. ३ ची दुप्पट करत जा: ६, १२, २४, ४८. शेजारच्या दोन घ्या, समजा ६ आणि १२. प्रत्येकीतून १ वजा केला की ५ आणि ११. दोघींच्या गुणाकारातून, म्हणजे ७२ मधून, १ वजा केला की ७१. तिन्ही मूळ संख्या असतील तर जोडी जमली. १२ म्हणजे ३ ची ४ पट, म्हणून ४ ने गुणा: ४×५×११ = २२० आणि ४×७१ = २८४.

पुढे १२ आणि २४ घेतले तर फसते, कारण २८७ म्हणजे ७×४१. पण २४ आणि ४८ घेतले की २३, ४७ आणि ११५१ या तिन्ही मूळ संख्या मिळतात. ४८ म्हणजे ३ ची १६ पट. १६×२३×४७ = १७,२९६ आणि १६×११५१ = १८,४१६. स्वतःला सोडून १७,२९६ चे १९ विभाजक, त्यांची बेरीज १८,४१६. उलट १८,४१६ चे फक्त ९, त्यांची बेरीज १७,२९६.

ही जोडी इ.स. १३०० च्या सुमारास इराणचे कमालुद्दीन फारसी यांनी दिली. फ्रान्सच्या फर्मा यांना ती १६३६ मध्ये स्वतंत्रपणे सापडली आणि पुढे बराच काळ त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

हे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे सगळं आपल्याच लोकांनी शोधलं!" मी तिला थांबवलं. साबित मुसलमान नव्हते, ते हर्रानच्या साबी पंथाचे होते. तरी बगदादच्या दरबारात त्यांना मोठा मान होता. फारसींचं श्रेय फर्मांना देणं जसं चूक, तसं साबितांना आपल्यात ओढणंही चूक. अभिमान जरूर बाळगावा, पण त्याचाही हिशेब बरोबर यायला हवा.

आणि मुलांनो, आपल्याला काय सापडणार, असं म्हणू नका. १८६६ मध्ये इटलीच्या निकोलो पागानिनी या सोळा वर्षांच्या मुलाने १,१८४ आणि १,२१० ही जोडी शोधली. साबितांच्या नियमात ती बसत नाही आणि इतकी लहान असूनही मोठमोठ्यांच्या नजरेतून निसटली होती. आज रात्री जेवणं आटोपली की १,१८४ चे विभाजक काढा. आमचं म्हणणं खरं की खोटं, ते तुमची बेरीजच सांगेल.