साखरेचा हिशेब फक्त अम्मीला विचारू नका

मुलाने काल किती साखर खाल्ली, हा प्रश्न आहार पाहणीत बहुतेक वेळा आईलाच विचारतात. ती चहातले दोन चमचे सांगते. पण शाळेबाहेरचा बर्फगोळा, दुकानातली पाच रुपयांची सरबताची पुडी, अरबी वर्गाहून येताना खाल्लेली बिस्किटं तिला कशी कळणार? शिवाय पाहणीवाल्या बाईंसमोर आकडा जरा कमीच सांगितला जातो. मग कागदावर साखर कमी दिसते, आणि मुलाचे दात किडले की दोष पुन्हा अम्मीचाच.

म्हणून शरीरालाच विचारणारी मोजणी मला महत्त्वाची वाटते. खाल्लेल्या साखरेतला अगदी थोडा अंश न पचता रक्तात जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रौढांवर दाखवलं की दिवसाला 200 ग्रॅम साखर खाल्ली तर लघवीत सुमारे 100 मिलिग्रॅम सुक्रोज आणि फ्रुक्टोज मिळतं. अडचण अशी की 24 तासांची लघवी गोळा करावी लागते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ती मिळवून बघा! शिवाय केळ्यातली साखर कुठली आणि कोल्ड्रिंकमधली कुठली, हे त्यातून कळत नाही. मोठी मुलं रमजानात रोजे ठेवतात, तेव्हा त्या महिन्यातला नमुना वर्षभराचा धरणंही चुकीचंच.

दुसरी पद्धत केसाची किंवा बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताची. ऊस आणि मका यांच्यात कार्बन-13 हा जड कार्बन इतर बऱ्याच पिकांपेक्षा जास्त असतो. त्यांची साखर खाल्ली की तो रक्तात आणि केसात उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीन सेंटिमीटर केसात तीन महिन्यांची नोंद. अलास्कातल्या युपिक लोकांमध्ये ही पद्धत वापरली गेली. त्यांचं पारंपरिक जेवण मासे आणि समुद्री प्राण्यांचं, आणि त्यातही हा जड कार्बन जास्त असल्याने साखरेचा हिशेब करताना तो वेगळा काढावा लागतो.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. ज्वारी आणि बाजरीतही तोच जड कार्बन असतो. मराठवाड्यात रोज भाकरी खाणारं पोर या मोजणीत साखरखाऊ ठरेल, आणि मैद्याचा पाव चहात बुडवून खाणारं शहरातलं पोर त्याच्यापेक्षा बरं दिसेल. तयार सूत्र इथे जसंच्या तसं लावलं तर आधीच कुपोषित म्हणून मोजल्या जाणाऱ्या वस्त्यांवर आणखी एक खोटा शिक्का बसेल.

तेव्हा आधी इथल्या मुलांना ठरावीक, मोजलेलं जेवण देऊन ही मोजमापं तपासायला हवीत. त्यात भिवंडी, मालेगाव, मुंब्र्याची मुलं हवीत, आणि लातूर-बीडचीही. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, ते ठीकच आहे. पण फलकावरून कोणाच्या पोटात किती गेली ते कळत नाही.

उद्या कोणी मोहल्ल्यात नमुने घ्यायला आलं तर दार लावू नका, पण विचारा: लेकराचा नमुना ही आमची अमानत आहे, तो कुठे ठेवणार, आणखी कशासाठी वापरणार, निकाल आम्हाला कोणत्या भाषेत सांगणार? आणि तुमच्यापैकी जे बायोकेमिस्ट्री, फार्मसी किंवा आहारशास्त्र शिकताहेत, त्यांनी भाकरीचा हा प्रश्न आपल्या प्रोजेक्टसाठी घ्यावा.