घाटात गिअर आपल्या हातात हवा

जुन्या अमेरिकन गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून हाती गिअरचा बसवला की शौकीन मंडळी नाक मुरडतात. ‘ओरिजिनल राहिली नाही,’ म्हणतात. मला हे पटत नाही. मी मूळ जव्हारकडच्या दाभोशाचा. उमेदवारी मुंबईच्या गॅरेजात केली आणि मग जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर जीप हाकली. ती जीपही मूळची अमेरिकनच. महिंद्रांनी विलीजची जीप मुंबईत जोडायला घेतली, म्हणून ती आमच्या पाड्यांपर्यंत पोचली. ती ऑटोमॅटिक नाही म्हणून कुणी रडल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवरोलेचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1950 साली आला. त्याला पुढचे गिअर दोनच. सपाट हमरस्त्यावर तो झकास चालतो, वाद नाही. पण उतारावर? वेगात ‘लो’ टाकला तर इंजिन किंचाळतं. ‘ड्राइव्ह’मध्ये ठेवला तर गाडी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर. शेवरोलेच्याच 1957च्या बेल एअरला तर चारही चाकांना ड्रम ब्रेक. अशाच बेल एअरचे एक हौशी मालक पावसाळ्यात धबधबा बघायला आमच्याकडे उतरत होते. लायनर जळाल्याचा वास वळणापर्यंत आला होता, पेडल तळाला गेलं होतं. ड्रम निवेपर्यंत थांबा, यापलीकडे त्यांना काय सांगणार?

म्हणून बदला म्हणतो. काम मात्र सोपं नाही. क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बेअरिंगचं भोक नीट मापाचं आहे का, हे आधी बघावं. ऑटोमॅटिक गाडीत ते कधी कधी कातलेलंच नसतं. मग चांगला लेथवाला गाठा. पातळ फ्लेक्सप्लेट काढून जड फ्लायव्हील येणार, बेल हाउसिंग येणार, क्लचचं पेडल येणार, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलणार. आणि न्यूट्रलच्या स्विचची वायर विसरलात तर एवढं सगळं करून स्टार्टर ढिम्म.

एके काळी हे शौक म्हणून नव्हे, अडल्यामुळे होत असे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, ऑटोमॅटिकचे सील आणि बँड मिळेनासे झाले. मिस्त्रींनी मिळेल तो गिअरबॉक्स बसवून गाड्या चालत्या ठेवल्या, नाहीतर आज मिरवायला उरल्या असत्या का? नियमांचं म्हणाल, तर केंद्राच्या 2021च्या विंटेज नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीच्या चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, असं आहे. गिअरबॉक्सचं त्यात नाव नाही. तरी आरटीओत आधी विचारा, ते बरं.

उतरवलेला पॉवरग्लाइड भंगारात घालू नका. कन्व्हर्टरसकट तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा. पुढच्या मालकाला परत बसवावासा वाटला तर बसवू दे. आणि हो, क्लचवर खर्च करण्याआधी ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि लायनर बदलून घ्या.