हरलेल्या सामन्यांची वही



दर रविवारी सकाळी आम्ही वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात बसतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, रेशनकार्डातली चुकलेली नावे अशी कामे घेऊन लोक येतात आणि जमेल तशी आम्ही ती करून देतो. मागच्या महिन्यात एक जोडपे आले, ते मात्र कुठलाच कागद घेऊन आले नव्हते. गृहस्थ हिंगणा एमआयडीसीत कामाला, बाई दोन घरचा स्वयंपाक करतात. मागे दाराशी त्यांची नववीतली मुलगी उभी होती. तिच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून रॅकेटची मूठ बाहेर आलेली.

“भाऊ, तुम्हीच सांगा इले,” वडील म्हणाले. “शाळेकडून जिल्ह्याच्या स्पर्धेत गेली होती. पहिल्याच मॅचमध्ये हारली. एकवीस-नऊ, एकवीस-अकरा. आता बस झालं ना जी? पुढल्या वर्षी दहावी हाये.”

आई काही बोलल्या नाहीत. मुलगी जमिनीकडे पाहत होती. आम्ही सहज विचारले, “काय झालं गं मॅचमध्ये?” तर ती हळूच म्हणाली, “काका, फूल वेगळंच पडत होतं.” एवढेच बोलून ती गप्प झाली. आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. खरे सांगायचे तर वडिलांना काय उत्तर द्यावे हेही सुचले नाही. “पुढच्या रविवारी या,” असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. आम्ही पडलो कॉमर्सवाले. डोक्यात गोंधळ झाला की वही काढायची आणि जमा-खर्च मांडायचा, ही आमची जुनी सवय. त्या दिवशी आम्ही मांडला तो आपल्याच नागपूरच्या कु. मालविका बनसोड हिचा. डाव्या पानावर तिचे जिंकलेले सामने, उजव्या पानावर हरलेले. ज्यांनी तिचे नाव फक्त एकदा, सायनाला हरवले त्या दिवशी वाचले असेल, त्यांनी ही दोन्ही पाने पाहावीत म्हणून आजचा हा मजकूर.

सुरुवात मानकापूरपासून करावी लागेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या विभागीय क्रीडा संकुलात राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा झाली होती. ८ तारखेच्या अंतिम सामन्याला आम्हीही गेलो होतो, अगदी वरच्या रांगेत. सायना नेहवालने सिंधूला २१-१७, २७-२५ असे हरवले. त्या दुसऱ्या गेमला सगळे संकुल उभे राहिले होते. मालविका तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढे चार वर्षे आणि दोन महिन्यांनी, १३ जानेवारी २०२२ रोजी, दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत याच सायनाला नागपूरच्या या डावखुऱ्या मुलीने २१-१७, २१-९ असे हरवले. सामना अवघी ३४ मिनिटे चालला. लंडन ऑलिंपिकची पदकविजेती आणि आपल्या गावची वीस वर्षांची पोर! सायना दुखापतीतून उठून आली होती, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर जमाखर्च खोटा ठरेल. तरी विजय तो विजयच.

आता उजवे पान पाहा. दुसऱ्याच दिवशी उपांत्यपूर्व फेरीत मालविका छत्तीसगडच्या आकर्षी कश्यपकडून १२-२१, १५-२१ अशी सरळ हरली. आदल्या दिवशी देशभर नाव आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या बाहेर. त्यानंतर नऊ दिवसांनी, २३ जानेवारीला, लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचली. समोर सिंधू. तिथेही १३-२१, १६-२१ अशी हार. म्हणजे तिच्या आयुष्यातल्या सर्वात गाजलेल्या पंधरवड्यात दोन पराभव आहेत, आणि दोन्ही सरळ गेममध्ये.

त्याआधी ती लहान स्पर्धांची पायरी चढली होती. २०१९ मध्ये मालदीव आणि नेपाळच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिने जिंकल्या. ही नावे ऐकून कुणी नाक मुरडेल. पण या खेळात शिडीच तशी आहे. खाली लहान देशांतल्या लहान स्पर्धा, मग १००, ३००, ५००, ७५० आणि वर १००० दर्जाच्या स्पर्धा. जागतिक क्रमवारी ठरते ती मागच्या ५२ आठवड्यांत खेळाडूने खेळलेल्या स्पर्धांपैकी सर्वात चांगल्या दहांच्या गुणांवर. जुने गुण आठवड्या-आठवड्याने गळत जातात. नोकरीतली सेवाज्येष्ठता एकदा लागली की लागली, इथे मात्र दरवर्षी ती नव्याने कमवावी लागते. आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचूनच घाम फुटला.

२०२२ च्या त्या जानेवारीनंतर बराच काळ वर्तमानपत्रांत तिचे नाव कोपऱ्यातच राहिले. मग सप्टेंबर २०२४ मध्ये चीनच्या चांगझौ शहरात, १००० दर्जाच्या चायना ओपनमध्ये, पहिल्याच फेरीत तिच्यासमोर आली इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुनजुंग. महिन्यापूर्वीच पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतलेली. मालविकाने तिला २६-२४, २१-१९ असे हरवले. ज्यांना हा खेळ माहीत नाही अशा माता-भगिनींसाठी सांगतो. गेम २१ गुणांचा असतो, पण २०-२० झाले की दोन गुणांची आघाडी लागते, म्हणून तो २६-२४ पर्यंत ताणला जातो. अशा वेळी एक चूक झाली की गेम गेला. पुढच्या फेरीत स्कॉटलंडच्या कर्स्टी गिल्मूरला तिने तीन गेममध्ये हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या यामागुचीकडून १०-२१, १६-२१ अशी हरली. दीड महिन्याने जर्मनीत हायलो ओपनच्या अंतिम फेरीत डेन्मार्कच्या मिया ब्लिचफेल्टकडून १०-२१, १५-२१. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत सिंगापूरच्या येओ जिया मिनला हरवले, आणि पुढच्याच फेरीत पुन्हा यामागुची, पुन्हा हार.

आणि जून २०२५. जकार्ताच्या इंडोनेशिया ओपनमध्ये माजी विश्वविजेत्या रॅचनोक इंतानोनविरुद्ध पहिला गेम तिने २१-१६ असा जिंकला होता, दुसऱ्यात १६-१५ अशी पुढे होती. पाच गुण हवे होते. तिथे गुडघा दुखावला आणि सामना सोडावा लागला. हा आकडा कुठल्या पानावर लिहावा, यावर आम्ही बराच वेळ पेन धरून बसलो होतो. शेवटी उजव्या पानावरच लिहिला, कारण निकालाच्या तक्त्यात तो तिथेच आहे.

वही मांडून झाली तेव्हा उजवे पान भरून गेले होते. असे फक्त आपल्याकडे होते का, म्हणून आम्ही कोरियाच्या आन से-यंगची माहिती काढली. ही मुलगी मालविकापेक्षा पाच महिन्यांनी लहान. वडील एकेकाळचे बॉक्सर. पंधराव्या वर्षी मोठ्या बायकांना हरवून राष्ट्रीय संघात आलेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या चेन युफेईने तिला १८-२१, १९-२१ असे हरवले. त्याच चेन युफेईला तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात हरवले, तेही सामन्यात गुडघा जायबंदी झालेला असताना. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिने सुवर्णपदक घेतले. आणि त्याच दिवशी पत्रकारांसमोर म्हणाली की तिची दुखापत दिसली त्यापेक्षा गंभीर होती आणि राष्ट्रीय संघाने ती नीट हाताळली नाही. सोन्याचे पदक हातात असताना आपल्या संघटनेला जाब विचारणारी ही बावीस वर्षांची मुलगी आम्हाला फार आवडली.

आता वाचक म्हणतील, अहो, मालविकाचे आईवडील दोघेही दंतवैद्य. आईने तर मुलीच्या खेळासाठी क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. प्रशिक्षणासाठी मुलीला इथून तीनशे किलोमीटरवर रायपूरला, संजय मिश्रांकडे जाता आले. बुद्धिबळात २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणारी आपली दिव्या देशमुख, तीही डॉक्टरांच्याच घरातली. मग कंपनीत रोजाने जाणाऱ्या माणसाने यातून काय घ्यावे?

हा प्रश्न बरोबर आहे. आम्ही तो टाळणार नाही. बॅडमिंटन हा खर्चिक खेळ आहे. हंसाच्या किंवा बदकाच्या सोळा पिसांचे ते फूल, वजन जेमतेम पाच ग्रॅम, आणि वरच्या दर्जाच्या एका सामन्यात अशी कितीतरी फुले मोडतात. दहावी-बारावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवून मालविका इंजिनिअरिंगलाही गेली, पण त्यालाही घरात शांत खोली आणि वेळेवर जेवण लागते. हे सर्वांकडे नसते. मात्र २०२१ मध्ये पोलंडला मुष्टियुद्धाची युवा जगज्जेती झालेली अल्फिया पठाण नागपूर पोलिसांत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी आहे, ती मानकापूरलाच घडली. तेव्हा सगळे दार बंदच आहे असे आम्ही म्हणणार नाही, आणि सताड उघडे आहे असेही नाही.

पण त्या रविवारी आमच्यासमोर प्रश्न पैशाचा आलाच नव्हता. वडील म्हणाले होते, “हारली.” हे एकच कारण त्यांनी दिले. आणि ते ऐकून आम्हाला जे आठवले ते इथे लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो.

१९९७ ची गोष्ट. आमची धाकटी बहीण शाळेत खो-खो खेळायची. खुंटाजवळ वळण घ्यावे तर तिनेच. तिची निवड बाहेरगावच्या आठ दिवसांच्या शिबिराला झाली. वडील गिरणीत रातपाळीला, घरातले लिहिणे-वाचणे आमच्याकडे. संमतीपत्र आमच्यासमोर आले. त्याच्या आठवडाभर आधी तिचा संघ एक सामना हरला होता. आम्ही म्हटले, “हरून आलात, आता शिबिर कशाला? अभ्यास कर.” सही केली नाही. खरे कारण वेगळे होते. पोरगी आठ दिवस परगावी राहणार, लोक काय म्हणतील, याची आम्हाला भीती होती. हरण्याचे निमित्त सापडले आणि आम्ही ते वापरले. स्त्री-पुरुष समतेवर आम्ही तेव्हाही भाषणे देत होतो.

ती आज दोन मुलांची आई आहे. त्या कागदाबद्दल आमच्याशी कधी बोलली नाही. मागच्या वर्षी एका लग्नात पोरे अंगणात पकडापकडी खेळत होती. तिने पदर खोचला आणि मंडपाच्या खांबाला हात लावून अशी गर्रकन वळली की पाच-सहा पोरे एकमेकांवर आदळली. सगळे हसले. आम्हाला हसता आले नाही.

असो. पुढच्या रविवारी ते कुटुंब आले. दरम्यान आम्ही कचेरीतल्या एका सहकाऱ्याला, जे सकाळी हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतात, त्या “वेगळ्या पडणाऱ्या” फुलाबद्दल विचारले होते. ते म्हणाले, “अहो, मुलगी खरं बोलते. शाळेत प्लास्टिकच्या फुलावर खेळत असेल. स्पर्धेत पिसांचं असतं. ते लवकर हळू होतं आणि सरळ खाली पडतं. ज्यानं आधी हाताळलंच नाही त्याचा अंदाज चुकणारच.” म्हणजे त्या मुलीने हरल्याबरोबर हरण्याचे कारण शोधून काढले होते, आणि आम्ही तिघे मोठी माणसे तिच्या दहावीची चर्चा करत होतो.

आम्ही वही उघडून वडिलांसमोर ठेवली. ते उजवे पान बोटाने वाचत गेले. आकर्षीशी हरली तिथे थांबले. “सायनाले हारवल्यावर दुसऱ्याच दिवशी?” हो, म्हटले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बहिणीची गोष्टही आम्ही त्यांना सांगितली. ती ऐकताना आई पहिल्यांदा आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “माही पण कबड्डी अशीच सुटली होती भाऊ.” हे त्यांच्या यजमानांनाही ठाऊक नव्हते.

शेवटी ठरले ते एवढेच. सहामाही परीक्षेपर्यंत सकाळचा एक तास खेळ, संध्याकाळी वाचनालयात अभ्यास. गणित आमच्या ओळखीचे एक शिक्षक पाहतील. पुढचे पुढे. वडिलांनी हो म्हटले नाही, “पाहू” म्हटले.

सहकाऱ्याने हॉलमधली वापरून टाकून दिलेली फुले एका थैलीत भरून दिली होती. मुलीने ती तिथेच सतरंजीवर ओतली आणि एकेक उचलून पिसे मोजू लागली. चाळीसच्या वर फुले होती. सोळाही पिसे शाबूत असलेली सात निघाली. आम्ही विचारले, “बाकीची फेकायची का?”

“नाही काका,” ती म्हणाली, “सर्व्हिसच्या प्रॅक्टिसले चालतीन.”